आपल्याच रक्ताचं ठिबक

रक्त काढून झालं की नळी स्टँडमध्ये उभी करून ठेवायची आणि दोन तास तिला हात लावायचा नाही. एरवी रक्तपेढीत सगळी धडपड चालते ती रक्त गोठू नये म्हणून. रक्तदात्याच्या हाताला लावलेल्या पिशवीत न गोठू देणारं द्रावण आधीच भरलेलं असतं. इथे सगळं उलटं. नळीत तसलं काही घातलेलं नसतं आणि रक्त गोठावं म्हणूनच वाट पाहायची असते. विरजण लावलेल्या दुधाचं भांडं कुणी हलवत नाही, तसाच हा प्रकार. थोड्या वेळानं रक्त आधी घट्ट होतं, मग आक्रसायला लागतं. लाल गोळा अंग चोरून बसतो आणि दह्यावर निवळी सुटावी तसं त्याच्या कडेनं पिवळसर पाणी सुटतं. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली की गोळा तळाशी जातो आणि वर उरतं ते सीरम. दिसायला रिफाइंड सरकीच्या तेलासारखं, फिकट पिवळं.

हे सीरम सलाइनच्या पाण्यात पातळ करायचं, छोट्या निर्जंतुक बाटल्यांत भरायचं आणि ज्याच्या हातातून रक्त काढलं त्याच्याच डोळ्यांत दिवसातून सहा-आठ वेळा सोडायचं, एवढाच हा उपचार. चेहऱ्याला लावायच्या बाटल्यांवर हल्ली जे 'सीरम' लिहिलेलं असतं, त्याचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.

'डोळ्यात रक्त घालणार?' हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर सोपं आहे. तांबड्या पेशी गोळ्याबरोबर मागे राहिलेल्या असतात, थेंबाला लाल छटासुद्धा नसते. असलीच तर ती बाटली बिघडलेली समजून वापरायची नसते, कारण पेशी फुटून त्यांचा रंग आत उतरलेला असतो. दुसरा प्रश्न जास्त रास्त: डोळ्यात घालायची इतकी औषधं दुकानात मिळत असताना माणसाचं रक्त कशाला काढायचं?

त्यासाठी आधी कोरडा डोळा म्हणजे काय ते पाहायला हवं. खान्देशात 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे डोळ्याचा 'डोया' होतो आणि जळगावचं 'जयगाव'. चैत्र-वैशाखात या भागातले डोये लाल दिसतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवेतला ओलावा जवळजवळ संपतो, धुळ्याच्या उघड्या माळावर गरम वारा दिवसभर वाहतो. जिनिंगमध्ये कापसाची तूस उडते, डाळमिलमध्ये भुकटी. अशा हवेत डोळे चुरचुरतात, खुपतात, संध्याकाळी जड होतात. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा त्यांतून पाणी वाहतं. 'पाणी तर सारखं येतंय, मग डोळा कोरडा कसा?' असं विचारणारा माणूस चुकत नाही, त्याला फक्त अर्धी गोष्ट ठाऊक असते. पृष्ठभाग कोरडा पडला की तिथले मज्जातंतू बोंब मारतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. तो लोंढा गालावर येतो, डोळ्यावर टिकत नाही.

बागायतदाराला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावच्या जैन इरिगेशननं ठिबक सिंचन गावोगाव नेलं, आणि रावेर-यावलच्या केळीवाल्याला पाटानं पाणी भरणं आणि थेंबानं पाणी देणं यातला फरक तोंडपाठ झाला. मुळाशी पाणी पोचलं नाही तर घड पोसत नाही. पण पाणी पोचूनही उघड्या जमिनीतून उडून गेलं तरी नुकसान तेच, म्हणून तो मल्चिंगचा कागद अंथरतो. डोळ्याचंही असंच आहे. पाणी देते ती वरच्या पापणीमागे, बाहेरच्या बाजूला असलेली अश्रुग्रंथी. ते उडू नये म्हणून वर तेलाचा पातळ पापुद्रा पसरतो. तो पापण्यांच्या कडेला रांगेनं असलेल्या बारीक ग्रंथींतून येतो. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. आणि पाणी काचेवरून ओघळावं तसं बुबुळावरून ओघळू नये म्हणून खाली चिकट श्लेष्म्याचा थर असतो. हे सगळं मिळून जाडी भरते जेमतेम ३ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या वीसपट तरी जाड असतो.

कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक तक्रारी तेलाच्या बाजूच्या असतात, पाण्याच्या नव्हे. मोबाइलकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते, तेल पसरत नाही, पाणी उडतं. उन्हाळ्यात रात्रभर कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपणाऱ्यांचंही तेच. कूलरची हवा दमट असली तरी वारा तो वाराच. अशा माणसांना रक्ताचे थेंब लागत नाहीत. कूलरचं तोंड फिरवणं, पापण्यांना कोमट फडक्याचा शेक आणि दुकानातले साधे कृत्रिम अश्रू एवढ्यावर त्यांचं काम भागतं. हे इथेच सांगितलेलं बरं, कारण नवा उपचार ऐकला की तो आपल्यालाच हवा असं वाटणारे कमी नसतात.

हे प्रकरण उरलेल्या थोड्या माणसांबद्दल आहे.

त्यांचा कोरडेपणा मोजायची रीत शंभर वर्षांहून जुनी आणि कमालीची साधी. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १९०३ साली ती मांडली. टिपकागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी टोकाला दुमडून खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. निरोगी डोळा कागद १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजवतो. पाचाच्या आत राहिला तर प्रकरण गंभीर. काहींची पट्टी पाच मिनिटांनी जशीच्या तशी कोरडी बाहेर येते. शाळेतल्या शाईच्या टिपकागदाइतकी स्वस्त ही चाचणी आजही कुठल्याही नेत्रविभागात करता येते.

पट्टी कोरडी निघालेल्या बाईला डोळ्यांचे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो डोळ्यांबद्दल नसतो: 'घास पाण्याशिवाय उतरतो का?' खान्देशात तो असाही विचारता येईल: कळण्याची भाकरी कोरडी खाता येते का? ज्वारी-उडदाची ही भाकरी निरोगी तोंडालाही लाळेची मेहनत करायला लावते. दर घासाला पाणी लागत असेल, ठेचा आगीसारखा लागत असेल, दात पटापट किडत असतील, बोटांचे सांधे दुखत असतील, तर संशय श्योग्रेन सिंड्रोमचा. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळ बनवणाऱ्या ग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांमागे नऊ बायका, बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. कांदा चिरताना, रडतानाही यांच्या डोळ्यांत पाणी येईनासं होतं. आणि त्या सांगतात तेव्हा घरात 'वय झालं, गरमी आहे' याच्या पुढे विषय जात नाही.

हेन्रिक श्योग्रेन हा स्वीडनमधला तरुण नेत्रतज्ज्ञ. त्याला डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधे दुखणाऱ्या बायका एकामागून एक भेटत गेल्या आणि या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या असाव्यात असं त्याला वाटलं. १९३३ साली त्यानं अशा १९ बायकांवर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्याला यथातथाच गुण दिले, त्यामुळे विद्यापीठात शिकवायची वाट बंद झाली. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस हॅमिल्टन या नेत्रतज्ज्ञानं प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. परीक्षकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, हा एक किरकोळ सूड.

श्योग्रेनखेरीज आणखी दोन वाटांनी माणूस या थराला पोचतो आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या आहेत. पहिली गोळ्यांची. फेफऱ्यावरची काही औषधं, सल्फाची औषधं, काही वेदनाशामकं एखाद्याच माणसाला भयंकर बाधतात. औषध सुरू केल्यावर एक ते चार आठवड्यांत ताप येतो, अंगावर फोड उठतात, तोंड सोलून निघतं, डोळे चिकटतात. १९२२ साली स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये हे पाहिलं, म्हणून स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. कातडी काही आठवड्यांत भरून येते. डोळे मात्र तेव्हापासून बिघडत जातात. श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी जळून गेलेल्या असतात, पापणीची आतली कड खरखरीत होते आणि प्रत्येक उघडझापीला सँडपेपरसारखी बुबुळावर घासते. अंग बरं झालं म्हणून घरी सोडलेला रुग्ण वर्षभरानं अंधुक नजरेनं परत येतो.

दुसरी वाट चुन्याची. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी घराघरात कोनाड्यात, खिशात, कधी अंगणात पडलेली असते. लहान मूल ती तोंडाजवळ धरून दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. देशभरातल्या नेत्ररुग्णालयांत अशी मुलं येत असतात. चुना हा आम्लापेक्षा वाईट, कारण तो थांबत नाही, आत आत शिरत राहतो. अशा वेळी पहिलं औषध म्हणजे स्वच्छ पाणी. डोळा उघडा धरून अर्धा तास तरी धूत राहायचं, चुन्याचे कण काढायचे आणि मग दवाखाना गाठायचा. दूध, तूप, मध, गुलाबजल काही घालायचं नाही.

जुन्या पिढीच्या आठवणीत तिसरीही वाट असेल: खुपऱ्या. पापण्यांच्या आत व्रण पाडणारा हा संसर्ग एके काळी कोरड्या, धुळीच्या मुलखात घरोघरी होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातली सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपल्याचं जाहीर केलं. जुने व्रण असलेले म्हातारे डोळे मात्र अजून आहेत.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. या रुग्णांना दुकानातले कृत्रिम अश्रू का पुरत नाहीत? कारण ते पाणी असतं, थोडं घट्ट केलेलं. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात पंधराशेहून जास्त प्रथिनं सापडली आहेत. त्यातलं लायसोझाइम, जंतूंची भिंत विरघळवणारं, अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली जगासमोर मांडलं. अभ्यासाला अश्रू हवेत म्हणून तो माणसांच्या डोळ्यांत लिंबू पिळत असे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यातून आरपार दिसलं नसतं. त्यामुळे त्याच्या वरच्या कातडीला पोसायचं काम बरंचसं अश्रूंकडे असतं. ही कातडी आठ-दहा दिवसांत नवी होते आणि नव्या पेशी वाढायला अश्रूंतून वाढीचे घटक मिळावे लागतात. अ जीवनसत्त्वही लागतं. ते कमी पडलं की पृष्ठभाग चामड्यासारखा होतो, हे कुपोषित मुलांच्या डोळ्यांत डॉक्टर पाहत आलेत. अश्रूच आटले की ही सगळी रसद बंद. मग पेशी नीट चिकटत नाहीत, सुटलेल्या पेशींचे धागे बुबुळावर लोंबतात आणि पापणी मिटताना त्यातला एकेक ओढला जातो. कॉर्नियात मज्जातंतूंची जितकी दाटी असते तितकी शरीरात दुसरीकडे क्वचितच, त्यामुळे त्या ओढीची कळ मस्तकात जाते. पहाटे पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असतात. झटक्यात डोळा उघडला तर कातडीचा तुकडाच सुटून येतो, म्हणून हे लोक उशाशी बाटली ठेवतात आणि आधी मिटल्या पापण्यांच्या फटीत थेंब सोडतात.

ही रसद कुठल्याही कंपनीला बाटलीत भरता आलेली नाही. पण तिच्या जवळ जाणारा एक द्रव प्रत्येकाच्या अंगात वाहतो. सीरममध्ये पेशी वाढवणारे घटक आहेत, अ जीवनसत्त्व आहे, लायसोझाइम आहे, पेशींना चिकटायला लागणारं फायब्रोनेक्टिन आहे, आणि खारटपणा आणि आम्लताही अश्रूंच्या जवळपास. रक्त गोठू द्यायचं कारणही यातच दडलंय. गोठताना रक्तातल्या बिंबिका फुटतात आणि जखम भरून काढण्यासाठी त्यांनी साठवलेला ऐवज सीरममध्ये सांडतो. रक्ताला वाटतं कुठेतरी जखम झाली आहे.

१९७५ साली अमेरिकेत राल्फ, डोएन आणि डोलमन या तिघांनी रसायनानं भाजलेले डोळे सतत ओले ठेवणारा छोटा पंप वापरून पाहिला, तेव्हा त्यातून रुग्णाच्या रक्ताचं द्रव्यही सोडलं होतं. रक्तापासून डोळ्याचं औषध करण्याची सुरुवात बहुतेक तिथून धरतात. १९८४ मध्ये रॉबर्ट फॉक्स आणि सहकाऱ्यांनी श्योग्रेनच्या रुग्णांना सीरमचे थेंब दिले. त्यांना त्यात मुख्यतः एक गोष्ट हवीशी वाटली होती: संरक्षक द्रव्य नसलेलं ओलसरपण. बाजारातल्या थेंबांत बाटली खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायनं आजारी डोळ्यालाच जाळत होती. पुढे जपानमध्ये काझुओ त्सुबोटा यांनी १९९९ साली दाखवलं की सीरम नुसतं ओलावत नाही, ते पेशींना पोसतं. त्यानंतर हा उपचार खऱ्या अर्थानं जगभर गेला.

त्सुबोटांच्या पद्धतीत सीरम २० टक्के आणि बाकी सलाइन. कंजुषी म्हणून नव्हे. सीरममधला एक घटक, टीजीएफ-बीटा, अश्रूंत असतो त्याच्या सुमारे पाचपट असतो आणि जास्त झाला तर पेशींची वाढ रोखतो. पाचात एक भाग केला की हिशेब जुळतो. तरी हा आकडा दगडावरची रेघ नाही. फार बिघडलेल्या डोळ्यांना काही डॉक्टर ५० टक्के देतात, क्वचित निर्भेळही.

हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे तर एकदा कागदावर मांडून पाहू. ४० मिलिलिटर रक्त, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे. त्यातून १६ ते २० मिलिलिटर सीरम निघतं. पाचपट केलं की ८० ते १०० मिलिलिटर औषध, म्हणजे ५ मिलिलिटरच्या सोळा ते वीस बाटल्या. एका बाटलीत शंभरेक थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून आठ वेळा म्हणजे सोळा थेंब, तेव्हा बाटली सहा दिवस चालते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येते आणि न उघडलेल्या उणे २० अंशांना गोठवून तीन महिने, त्यामुळे हे गणित बरोबर बसतं. डोळ्यात एका वेळी अश्रू मावतात ते ७ मायक्रोलिटरच्या आसपास, थेंब त्याच्या साधारण सातपट मोठा. म्हणजे एकच थेंब पुरे, दुसरा गालावर जातो. आणि हा गालावर गेलेला थेंब माणसाच्या हातातून काढलेला असतो, हे एकदा कळलं की लोक बाटली फार जपून दाबतात.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. अवघड आहे ते यापुढचं, आणि त्यात विज्ञान कमी, व्यवस्था जास्त आहे. सीरम हे जंतूंचंही उत्तम खाद्य. संरक्षक द्रव्य घालायचं नाही म्हटल्यावर सगळी भिस्त निर्जंतुकपणावर. गाळलेल्या हवेच्या कपाटात बाटल्या भरायच्या, नमुना तपासायचा. रक्त काढण्याआधी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी (सिफिलिस) यांच्या तपासण्या. 'माझंच रक्त मलाच, मग तपासणी कशाला?' असं रुग्ण विचारतो. पण बाटली भरणाऱ्या माणसाच्या हाताला सुई लागू शकते, आणि दोन रुग्णांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली तर काय, याचाही विचार करावा लागतो. म्हणून प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, नंबर. दुकानातल्या औषधाच्या हजार बाटल्या एकसारख्या असतात. इथली प्रत्येक बाटली एकाच माणसाची.

डोळ्यांचा विभाग आणि रक्तपेढी या दोन खोल्यांमध्ये नीट बोलणं असेल तरच हे जमतं. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्ह्याच्या ठिकाणी या दोन्ही खोल्या एका आवारात असणं ही मोठी सोय. खरी कसोटी रुग्ण गावी निघाला की सुरू होते. वैशाखात जळगावच्या स्टँडवरून चोपड्याची एसटी पकडायची, मांडीवर थर्मोकोलचा डबा, आत बर्फाच्या थैल्या आणि वीस बाटल्या. लसीचे डबे ज्या काळजीनं उपकेंद्रावर जातात त्याच काळजीनं. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा उणे २०पर्यंत जाईलच असं नाही, आणि भारनियमनात तो किती वेळ थंड राहील याचा नेम नाही. एकदा वितळलेली बाटली पुन्हा गोठवायची नसते. म्हणून पुष्कळदा सांगितलं जातं की साठा दवाखान्यातच ठेवा, दोन-तीन बाटल्या घेऊन जा. मग दर पंधरवड्याला खेप आली, आणि ज्याला उजेडात डोळा उघडवत नाही त्याला सोबत एक माणूस आला, त्या माणसाची मजुरी बुडाली. उपचाराच्या खर्चाचे आकडे सांगताना हा खर्च कुणी धरत नाही.

ब्रिटनमध्ये सरकारी रक्तसेवा हे काम स्वतः करते. रुग्ण रक्तदात्यासारखी एक पूर्ण पिशवी देतो, तिच्यातून रोज एक वापरायच्या छोट्या कुप्या भरून गोठवल्या जातात आणि काही महिन्यांचा साठा घरपोच येतो. आपल्याकडे पूर्ण पिशवी मागायची तर आधी रक्त असायला हवं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता; सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, ते वेगळंच. श्योग्रेनच्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, हाताची शीर सापडत नाही, आणि तिच्या सीरममध्ये आजाराची दाहक द्रव्यंही असतात. तिला तिचंच औषध द्यावं की दुसऱ्याचं, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. दुसऱ्याचं म्हणजे निरोगी दात्याचं, बहुधा जवळच्या नातेवाइकाचं, सगळ्या तपासण्या करून. दिल्लीच्या एम्समध्ये रसिक वाजपेयी आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणात नाळेतून मिळणारं रक्त वापरून पाहिलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न भरणाऱ्या जखमा नाळेच्या सीरमनं रुग्णाच्या स्वतःच्या सीरमपेक्षा लवकर भरल्या. वारेबरोबर टाकून दिलं जाणारं ते रक्त. त्यासाठी कुणाला सुई टोचावी लागत नाही.

गुण किती येतो? इथे जरा हात राखूनच बोलायला हवं. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणाऱ्या पाचच चाचण्या निघाल्या, सगळे मिळून ९२ रुग्ण. निष्कर्ष असा की कृत्रिम अश्रूंच्या तुलनेत पहिल्या दोन आठवड्यांत त्रास कमी होत असावा. त्यापुढे ठोस पुरावा नाही. त्याच वर्षी कोरड्या डोळ्यांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं चार पायऱ्यांची उपचारपद्धती सुचवली, तीत सीरम तिसऱ्या पायरीवर आहे. आधी शेक, कृत्रिम अश्रू, सायक्लोस्पोरिनसारखे दाह कमी करणारे थेंब, अश्रू वाहून जाण्याच्या छिद्राला बसवायचं बूच, हे सगळं करून झाल्यावर. चाचण्या इतक्या थोड्या का, याचं एक कारण उघड आहे. ज्या औषधाचा कारखाना प्रत्येक रुग्णाच्या दंडात आहे त्याचं पेटंट कुणाला मिळणार, आणि मग चाचण्यांवर पैसा कोण घालणार? पण पुरावा थोडा म्हणजे उपयोग थोडा असंही नाही. ज्यांच्या बुबुळावरची जखम महिनोन्महिने भरत नव्हती ती भरलेली पाहिलेले नेत्रतज्ज्ञ हा उपचार सोडायला तयार नाहीत.

साखळीतला फ्रीजच काढून टाकला तर? इंग्लंडमधल्या बेडफर्ड इथे अनंत शर्मा या नेत्रतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी तेच करून पाहिलं. मधुमेही साखर तपासायला टोचतात ती सुई, बोट स्वच्छ धुऊन टोचायचं आणि आलेला ताजा थेंब खालच्या पापणीत टेकवायचा, दिवसातून चार वेळा. यात मात्र खरंच रक्त डोळ्यात जातं, लाल. मोजक्या रुग्णांवरचे त्यांचे पहिले निष्कर्ष उत्साहाचे होते. पण ही पद्धत अजून प्रयोगाच्या उंबरठ्यावर आहे आणि गोठा साफ करून आलेल्या हातांनी घरी करून पाहण्याची तर ती नव्हेच. मात्र ज्या गावात वीज दिवसातून दोनदा जाते त्या गावाला ही कल्पना इंग्लंडपेक्षा जास्त उपयोगाची ठरू शकेल, असं वाटल्यावाचून राहत नाही.

तोवर तरी डबा आणि बर्फ आहेच. ज्यांना गुण येतो त्यांना तो हळूहळू येतो. आधी पहाटेचं चिकटणं कमी होतं, मग उजेड सोसायला लागतो, मग कधीतरी पट्टी पाच मिनिटांत आधीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त भिजलेली निघते आणि डॉक्टर ती खिडकीशी धरून रुग्णाला दाखवतात. पण श्योग्रेन तसाच राहतो, जळालेल्या ग्रंथी परत उगवत नाहीत. थेंब थांबवले की बहुतेकांची चुरचुर परत येते. म्हणून अकराव्या आठवड्यात, कप्प्यात शेवटच्या दोन बाटल्या उरल्या की, पुन्हा तारीख घ्यायची, उपाशीपोटी पहिली गाडी पकडायची आणि बाही वर करून बसायचं. नळी स्टँडमध्ये जाते. दोन तास आहेत, तेवढ्यात बाहेर चहा होतो.